उजवीकडची पट्टी

रात्री पावणेदोनला खिडक्यांची डोकी उडाली.
म्हणजे नाव लिहिलेली वरची पट्टी, तिच्यातली फुली,
धरून ओढायची जागा, सगळंच.
उरली एकावर एक नुसती धडं:
स्मरणिकेचं पान अठरा, त्याखाली सतरा,
त्याखाली गजकवाल्याची अर्ध्या पानाची जाहिरात.
एकही जागची हलेना.

दौलतगंजात थंडी अशी, की माउसवरचा हात
रजईकडून तासाभरासाठी उसना आणलेला.
सकाळी दहाला खंडेलवालांच्या छापखान्यात फाइल द्यायची
आणि हे सगळं ज्यानं बसवलं तो शितोळ्यांचा उदयन
बंगळूरला, फोन बंद.

आधी केलं ते सगळेच करतात. बंद केलं, चालू केलं.
मग मॉनिटरला एक चापट, त्याचा काही दोष नसताना.
मग कंट्रोल, आल्ट, एफ-दोन:
काळा पडदा, पांढरी अक्षरं.
तिथं खिडक्याच नाहीत, म्हणून भांडणही नाही.
विचारलं, खिडक्या सांभाळणारा कारभारी कुठाय?
नोंदवहीत तो चाळीसदा आला होता, चाळीसदा गेला होता,
आणि दर वेळी तेच कारण सांगून:
ओळ एकशे सदतीस. कंस बंद नाही.

कबूल करते. परवा दुपारी
अक्षर मोठं करायला त्या फाइलीत मीच शिरले होते,
चष्मा दुसऱ्या खोलीत ठेवून.

फाइलीचं नाव बदलून 'जुनी' केलं.
कारभारी आला. करडा, कोरा, कुणाचाच नसलेला.
पण खिडकी उघडली ती थेट उजव्या कडेपर्यंत.
एवढा पडदा होता माझ्याकडे?

मग कंस घातला, जुनी फाइल परत आणली,
डोकी आली, फुल्या आल्या,
आणि खिडक्या पुन्हा डावीकडे सरकून उभ्या राहिल्या.
आता चष्मा लावून वाचत गेले. सहाशे ओळी,
मधूनमधून उदयनच्या टिपा, मला कधी न दिसलेल्या.
'काकू सावकाश दोनदा क्लिक करते, सबुरी वाढवली.'
'काकूला घड्याळ खालीच हवं.'
आणि शेवटाकडे:
'उजवीकडची पट्टी मेली आहे. तिथे काही उघडू नये. २१२.'

ती पट्टी जुन्या मॉनिटरची. हिरव्या रेघांची, थरथरणारी.
तो चार वर्षांपूर्वी भंगारात गेला, एकशे ऐंशी रुपयांना.
चार वर्षं नव्या काचेवर माझ्या सगळ्या खिडक्या
तिथं नसलेल्या दुखण्यापासून अंग चोरून होत्या,
आणि मला वाटायचं, शोभेला सोडतात जागा.

२१२ खोडून शून्य केलं.
पान अठरा एकदम पुरतं दिसलं,
उजव्या रकान्यासकट, जो मी रोज सरकवून सरकवून वाचत आले.
तिथं आजीवन सदस्यांत रेगेबाईंच्या नावामागे 'कै.'
परवाच त्यांनी माझ्या हातची शेव पोह्यांवर वाढून घेतली होती.
आधी ते काढलं.

सकाळी घोसीपुऱ्याजवळून गेले.
छोट्या लाइनीची गाडी बंद होऊन कित्येक वर्षं झाली,
तरी रुळांपाशी स्कूटर आपोआप हळू होते,
मान डावीकडे, उजवीकडे.
मागचा हॉर्न वाजवतो,
आणि रूळ आले की तोही हळू होतो.

छापखान्यात उभी असताना उदयनचा निरोप आला:
'कसली पट्टी, काकू?'

घरी येऊन फाइल पुन्हा उघडली.
शून्याकडे जरा वेळ पाहिलं.
बारा लिहिलं.